पायाची जखम भरत नाही. सेन्सरच्या पट्ट्यांबद्दल कुणाला नीट माहिती आहे का?

ताणाबाना | १६ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे सासरे, घरात आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो, वय ६३. सोलापुरात पूर्व भागात राहतो. चाळीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतायत. शुगर चौदा वर्षांपासून. दर कोजागिरीला तुळजापूरला अनवाणी चालत जायचा त्यांचा नेम आहे. यंदाही गेले. आले, आंघोळ केली, जेवले, झोपले. सकाळी माझा धाकटा म्हणाला, आई, फरशीवर आजोबांच्या पायाचे लाल ठसे उठलेत. स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत आठ ठसे होते. उजव्या अंगठ्याखालच्या गादीला जुना घट्टा होता, तो फुटून आत खड्डा पडला होता. अप्पा खाली बघून म्हणाले, "हे कधी झालं?" त्यांना काही म्हणजे काहीच दुखलं नव्हतं.

त्याला आता चार महिने झाले. एक दिवसाआड ड्रेसिंग चालू आहे. शुगर बरीच आटोक्यात आलीय. पण जखम कधी लहान वाटते, कधी परत ओली होते. नणंदेनं परवा एक व्हिडिओ पाठवला. जखमेवर लावायची पट्टी, त्यात सेन्सर, आत काय चाललंय ते पट्टी न सोडता मोबाईलवर दिसतं. हे खरं आहे का? आपल्याकडे मिळतं का? मिळत असेल तर कर्ज काढायचीही तयारी आहे.

सर्किटकार | १६ फेब्रुवारी, रात्री ११:२८

ताणाबाना ताई, व्हिडिओ बहुतेक खरा असावा, पण त्यातली वस्तू दुकानात मिळणारी नाही. मी वैद्यकीय उपकरणांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांत त्यांची नेहमी सरमिसळ होते. एक, उघड्या जखमेवर लावायची पट्टी. दोन, जखम होण्याआधीच धोका ओळखणारे मोजे, इनसोल, पाय ठेवायच्या चटया.

आधी पट्टी. जखमेतून पाझरणाऱ्या द्रवात पुष्कळ माहिती असते. निरोगी कातडी थोडी आम्ल असते, पीएच साधारण ४ ते ६. जुनाट, न भरणारी जखम ७ च्या वर, अल्कलीकडे जाते. जंतू वाढले की तापमान चढतं. युरिक अ‍ॅसिड काही जंतू खाऊन टाकतात, म्हणून ते घटतं. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या गटानं २०२३ मध्ये कागदासारखी एक पट्टी दाखवली. फुलासारख्या पाच पाकळ्या, प्रत्येक पाकळी एक गोष्ट बघते: तापमान, पीएच, ओल, युरिक अ‍ॅसिड आणि ट्रायमिथाइलअमाइन. बॅटरी नाही, वायर नाही. रंग बदलतो, मोबाईलनं फोटो काढायचा, पंधरा मिनिटांत जखम भरतेय की नाही याचा अंदाज येतो. मला व्यक्तिशः ही कल्पना सगळ्यांत आवडते, कारण ती स्वस्त होऊ शकते.

दुसरा गट अमेरिकेत कॅलटेकमध्ये वेई गाओ यांचा. त्यांची पट्टी बारीक नळ्यांतून जखमेचा ताजा द्रव खेचून घेते आणि नायट्रिक ऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड मोजते. पहिल्यावरून दाह कळतो, दुसऱ्यावरून जंतुसंसर्ग. २०२५ मध्ये त्यांनी २० रुग्णांवरचे निष्कर्ष दिले. रुग्णाला लक्षणं जाणवायच्या एक ते तीन दिवस आधी खूण मिळते असं त्यांचं म्हणणं आहे. स्टॅनफर्डमध्ये झेनान बाओ यांच्या गटानं २०२२ मध्ये केलेली पट्टी तर जखमेला हलका विद्युतप्रवाहही देते, पण ते काम उंदरांवरचं.

वीस रुग्ण म्हणजे सुरुवात. अप्पांच्या पायापर्यंत पोचायला वेळ आहे. कर्ज काढू नका.

शल्यक | १७ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

सर्किटकार यांनी छान लिहिलंय. मी शस्त्रक्रिया विभागात आहे, मधुमेही पाय रोज बघतो. ताई, पट्टीच्या आधी तीन प्रश्न विचारतो, राग मानू नका.

१. पायाला रक्त पोचतंय का हे तपासलंय का? घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब घेऊन तुलना करतात. मधुमेहात घोट्याच्या धमन्या कडक झाल्या असतील तर हा आकडा खोटा चांगला येतो, मग अंगठ्याचा दाब बघावा लागतो.

२. जखमेच्या तळाशी बोथट सळई लावून हाड लागतं का ते कुणी बघितलं का? एक्स-रे काढला का?

३. सगळ्यांत महत्त्वाचं. अप्पा या चार महिन्यांत त्या पायावर उभे राहतायत का?

ताणाबाना | १७ फेब्रुवारी, दुपारी २:१५

डॉक्टर, मनापासून आभार. पहिलं झालंय, रक्तपुरवठा ठीक म्हणाले. एक्स-रेत हाड चांगलं आहे, सळईनं बघितलं का ते विचारते.

तिसऱ्याचं काय सांगू. डिसेंबरपासून ते परत मागावर जातायत. आठ तास, कधी बारा. पुढून वजन न येणारी चप्पल दिलीय, ती घरातून निघताना पायात असते. कारखान्यात काढून ठेवतात. दोन मागांच्या मधल्या बोळात त्या उंच टाचेनं पाय अडखळतो म्हणतात. मी भांडले. रडलेही.

शल्यक | १७ फेब्रुवारी, रात्री ९:०५

मग जखम का भरत नाही हे कळलं. अप्पांना दोष देत नाही, हे सगळीकडे असंच आहे. अमेरिकेत २००३ मध्ये रुग्णांच्या काढता येणाऱ्या बुटांवर पावलं मोजणारं यंत्र बसवून बघितलं होतं. दिवसभरातल्या फक्त २८ टक्के पावलांना तो बूट पायात होता. उरलेली सगळी पावलं थेट जखमेवर.

म्हणून न काढता येणारं प्लास्टर हा आजही तळव्याच्या जखमेवरचा सगळ्यांत खात्रीचा उपाय आहे, रक्तपुरवठा चांगला असेल आणि जंतुसंसर्ग नसेल तर. पायाच्या आकाराला घट्ट बसवलेलं, दर आठवड्याला बदलायचं. वजन पूर्ण तळव्यावर आणि पोटरीवर विभागलं जातं, जखमेच्या ठिपक्यावर येत नाही. तुमच्या डॉक्टरांशी याबद्दल बोला.

आणि एक मोजमाप तुम्ही घरी करू शकता. जखमेची जास्तीत जास्त लांबी आणि तिला आडवी रुंदी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये, गुणाकार. चार आठवड्यांत हा आकडा निम्म्यावर आला तर बारा आठवड्यांत जखम भरण्याची शक्यता चांगली. नाही आला तर उपचार बदलायचे, तेच ते ड्रेसिंग रेटायचं नाही. वहीत लिहा, तारखेसकट.

दुपारपाळी_सिस्टर | १७ फेब्रुवारी, रात्री ११:५०

ड्यूटीवरून आत्ता आले. बावीस वर्षं ड्रेसिंग करतेय, म्हणून थोडं लिहिते.

सर्किटकार दादा, ते ट्रायमिथाइलअमाइन म्हणजे माशासारखा वास ना? ते आम्ही पट्टी सोडता क्षणी नाकानं ओळखतो. हिरवट पू आणि गोडसर, द्राक्षांसारखा वास आला की कुठला जंतू ते रिपोर्ट यायच्या आधी कळतं. पण मी तुमच्या पट्टीच्या विरोधात नाही. उलट. मला वास येतो तेव्हा पट्टी सोडलेली असते, आणि ती एक दिवसाआड सोडली जाते. मधल्या अठ्ठेचाळीस तासांत आत काय झालं ते मला ठाऊक नसतं. शिवाय उगाच पट्टी सोडली की नवी आलेली नाजूक कातडी निघते.

दुसरं. पुस्तकात लिहितात "लाली दिसली की सावध व्हा". आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. काळसर, जांभळट झाक येते, कातडी ताणल्यासारखी चकाकते. माझ्याकडे येणारे निम्मे लोक म्हणतात, लाल झालं नव्हतं म्हणून थांबलो. म्हणून मी हाताच्या पाठीनं दोन्ही पाय चाचपते. गरम लागतो तो पाय आधी बघते. तापमान मोजणारी गोष्ट इथं खरंच कामाची आहे, कारण तिला रंग बघावा लागत नाही.

कुंभारीकर | १८ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

माझी आई विडी कामगार. तिलाही पायाला जखम होती, पण तळव्याला नाही. घोट्याच्या बाहेरच्या हाडावर. मांडी घालून सुपात पानं घेऊन बसते, तेव्हा नेमकं तेच हाड फरशीवर टेकतं. आठ-नऊ तास. तिथली कातडी काळी, जाड झाली होती, आत पू होता आणि वर काहीच नाही.

तळव्याखालच्या चटया, इनसोल यांबद्दल वाचलं तेव्हा वाटलं, हे बनवणाऱ्यांनी खुर्चीवर बसणारा, बूट घालणारा माणूस धरलाय. आमच्याकडे पाय बुटात नसतो, आणि दाब तळव्यालाच येतो असंही नाही.

शेवटी आईच्या घोट्याखाली जुन्या चादरीची चुंबळ करून दिली, मधे भोक. तिनं बराच फरक पडला. आणि मजुरी हजारावर मिळते, हजार विड्या वळल्या तर. "आठवडाभर पाय हलवू नका" हे डॉक्टर सहज म्हणतात. त्या आठवड्याची मजुरी कुणी देत नाही.

सर्किटकार | १८ फेब्रुवारी, दुपारी १:१०

कुंभारीकर, तुमचा मुद्दा मी आमच्या कामाच्या ठिकाणी मांडणार आहे. इतकी वर्षं या क्षेत्रात असून घोट्याच्या बाहेरच्या हाडाचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

ताणाबाना | १९ फेब्रुवारी, रात्री १०:०२

काल रात्री हा धागा अप्पांना वाचून दाखवला. अर्ध्याच्या वर वैद्यकीय होतं, तरी शेवटपर्यंत ऐकलं. मग थोडा वेळ गप्प बसले आणि जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते:

"बाना तुटला की माग आपसूक थांबतो की. कोण बघू दे, नाहीतर नको. म्हणून तर टॉवेलात भोक पडत न्हाई. ह्या पायात तसलं काय राहिलंच न्हाई बघ. तुटतंय, तरी चालूच."

ज्यांनी माग बघितला नाही त्यांच्यासाठी: बाना म्हणजे कापडातलं आडवं सूत. ते इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यातलं सूत तुटलं किंवा त्यातली सुताची कांडी संपली की एक छोटा काटा ते ओळखतो आणि माग जागच्या जागी बंद होतो. कामगार दुसऱ्या मागावर असला तरी. घंटा वाजत नाही, दिवा लागत नाही. यंत्रच थांबतं.

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. मोबाईलवर निरोप आला, आणि अप्पा मागावरच राहिले, तर?

जुनी_पेठ | २० फेब्रुवारी, रात्री ९:३३

ताई, अप्पांचं वाक्य वाचून एक जुनी गोष्ट आठवली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटं आणि पाय झडतात ते रोगामुळे, असाच तेव्हा समज होता. त्यांनी दाखवून दिलं की मांस रोगानं सडत नाही. संवेदना जाते, मग माणूस भाजलेल्या, कापलेल्या, फोड आलेल्या पायावरून तसाच चालत राहतो, आणि पाय त्यानं जातो. त्याच जखमा प्लास्टरमध्ये ठेवल्या की भरायच्या. मधुमेहातही पायाची संवेदना अशीच जाते, म्हणून मधुमेही पायाचं आजचं पुष्कळसं शास्त्र या कामावर उभं आहे. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून मिळणारी मऊ रबराची एमसीआर चप्पल आपल्याकडे अनेकांनी बघितली असेल, तिचं नातं याच विचाराशी आहे.

पुढे ते अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिल इथं गेले. तिथं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम वेदना बनवायचा प्रयत्न केला. दाब ओळखणारे सेन्सर बसवलेले हातमोजे, मोजे. धोका आला की आवाज. रुग्ण आवाजाकडे दुर्लक्ष करायचे. मग शरीराच्या संवेदना शाबूत असलेल्या भागाला विजेचा झटका. तर रुग्णांना एखादं काम पूर्ण करायचं असलं की ते यंत्र बंद करून टाकायचे आणि काम झाल्यावर परत चालू करायचे. प्रयोग सोडून द्यावा लागला. ब्रँड यांनी त्यातून काढलेला अर्थ असा की जी वेदना माणसाला बंद करता येते, ती त्याला वाचवू शकत नाही.

हे सगळं आजच्या मोबाईलच्या पन्नासेक वर्षं आधीचं आहे.

शल्यक | २० फेब्रुवारी, रात्री १०:४५

जुनी_पेठ, मनापासून धन्यवाद. आणि ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: अप्पांच्या जखमेला आत्ता माग थांबवणारा काटा म्हणजे प्लास्टर. ते निरोप देत नाही, थांबवतं.

सेन्सरचा खरा उपयोग मला जखम भरल्यानंतर दिसतो. भरलेल्या जखमांपैकी साधारण ४० टक्के वर्षभरात पुन्हा होतात, पाच वर्षांत ६५ टक्क्यांच्या आसपास. त्या काळात पाय आतून आधी गरम होतो, कातडी नंतर फुटते. २००७ मध्ये अमेरिकेत १७३ जणांवर अभ्यास झाला. घरच्या घरी रोज दोन्ही तळव्यांच्या ठराविक सहा जागांचं तापमान घ्यायचं. एकाच जागी दोन पायांत २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक दोन दिवस सलग आला तर चालणं कमी करायचं आणि नर्सला फोन करायचा. पंधरा महिन्यांत या गटात ८.५ टक्के लोकांना जखम झाली, नेहमीच्या उपचारांच्या गटात २९.३ टक्के. तिथंही आकड्यानं जखम टळली नाही, आकडा बघून चालणं कमी केल्यानं टळली.

दुपारपाळी_सिस्टर | २१ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

मेमध्ये सोलापूर ४३-४४ वर जातं, तेव्हा पाय गरमच असणार, मग कसं कळायचं, असं कुणी विचारण्याआधीच सांगते. दोन्ही पाय सारखेच तापतात. आपण फरक बघतोय, तापमान नाही. मात्र उन्हातून आल्यावर लगेच मोजू नका. चप्पल काढून पंधरा-वीस मिनिटं बसा. आणि एक पाय नसेल किंवा दोन्ही पायांना जखम असेल तर ही पद्धत लागू पडत नाही.

पायाला कुठेच जखम नाही पण एक पाय सुजून गरम झालाय, असं असेल तरी दाखवा. आतली हाडं ठिसूळ होऊन मोडत असू शकतात. त्याला लोक मुरगळा समजून मालिश करतात, आणि पायाचा आकार कायमचा बिघडतो.

सर्किटकार | २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:००

यालाच जोडून. पाय ठेवायच्या चटईचा २०१७ मधला अभ्यास होता. १२९ जण, याच २.२ अंशांच्या फरकावर. येऊ घातलेल्या ९७ टक्के जखमा सरासरी ३७ दिवस आधी पकडल्या गेल्या. पण जखम होणार नव्हती तिथंही ५७ टक्के वेळा इशारा आला, म्हणजे खोटा. अप्पांना खोट्या इशाऱ्यावर चार दिवस घरी बसवलं, मजुरी बुडाली, पाय चांगलाच निघाला, तर पुढच्या वेळी ते ऐकतील का? हा आकडा मला आता वेगळाच दिसायला लागलाय.

ताणाबाना | ८ मार्च, रात्री ९:५०

प्लास्टर घातलं. सळई लावून बघितलं, हाड लागत नाही. पहिले तीन दिवस अप्पा कुणाशी बोलले नाहीत.

मालकांशी यांनी जाऊन बोलणं केलं. मागावरून काढून अप्पांना कांड्या भरायला बसवलंय. स्टुलावर बसून काम, पाय दुसऱ्या स्टुलावर. मजुरी कमी मिळते, पण मिळते. कुंभारीकर, तुमची पोस्ट वाचली नसती तर "कामावर जाऊ नका" एवढंच म्हणत राहिले असते. बसून करायचं काम मागावं हे सुचलंच नसतं.

वही सुरू केलीय. १ मार्चला ३.० × २.० = ६.०. आज २.७ × १.८ = ४.८६.

ताणाबाना | २९ मार्च, रात्री १०:१५

चार आठवडे. १.९ × १.२ = २.२८. निम्म्याच्या खाली! ड्रेसिंगच्या सिस्टरांनी स्वतः वहीत आकडा लिहिला.

दुपारपाळी_सिस्टर | २९ मार्च, रात्री ११:५८

खूप खूप आनंद झाला. अप्पांना माझा नमस्कार सांगा.

हौशी_वाचक | ४ एप्रिल, सकाळी १०:१०

मी करोनाच्या वेळची कपाळावर धरायची तापमापी काढून वडिलांच्या तळव्यावर धरली. नुसतं "लो" दाखवते. बिघडलीय का?

सर्किटकार | ४ एप्रिल, दुपारी १२:४५

नाही. कपाळाच्या मोडमध्ये ती आत हिशोब करून शरीराचं तापमान दाखवते, आणि तळवा त्यापेक्षा बराच थंड असतो. बटण दाबून वस्तूच्या पृष्ठभागाचा मोड निवडा. प्रत्येक वेळी अंतर तेवढंच ठेवा. ही तापमापी अभ्यासात वापरलेल्या यंत्राइतकी नेमकी नाही, हे लक्षात असू द्या. पण हाताच्या पाठीपेक्षा बरी, आणि आकडा वहीत लिहिता येतो.

ताणाबाना | १९ मे, रात्री ९:२०

जखम १० मेला पूर्ण मिटली. प्लास्टर निघालं, मऊ तळाची चप्पल आली, घरातही तीच. गेला आठवडाभर रोज संध्याकाळी माझा धाकटा आजोबांच्या पायाशी बसून सहा जागा मोजतो आणि वहीत लिहितो. त्यानंच ठसे बघितले होते, म्हणून हे काम त्यानं मागून घेतलं.

परवा डाव्या पायाची करंगळीखालची जागा उजव्यापेक्षा २.४ जास्त. काल २.७. डावा पाय तर चांगला होता! वरून काही दिसत नव्हतं, अप्पा म्हणत होते, काही नाही, ऊन आहे. आज सकाळी नेलं. डॉक्टरांनी घट्टा हळूच तासला, तर खाली काळसर रक्त साकळलेलं. अजून फुटलं नव्हतं. अडीच महिने प्लास्टरच्या पायाला जपताना सगळा भार डाव्यावर गेला म्हणाले. नव्या चपलेत त्या जागी खळगा करून घ्यायचाय.

दहा दिवस परत स्टूल. अप्पांनी या वेळी वाद घातला नाही. कोजागिरीचं विचारत होते, चप्पल घालून चालत गेलं तर देवीला चालेल का. मी म्हटलं, आधी डॉक्टरांना विचारू, अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे. शल्यक, तुम्हाला काय वाटतं? एसटीनं जाऊन शेवटचा थोडा रस्ता चालू द्यावा का?

शल्यक | १९ मे, रात्री १०:३१

नातवाला शाबासकी द्या. कोजागिरीला पाच महिने आहेत. नुकत्याच भरलेल्या जखमेची कातडी सगळ्यात नाजूक पहिल्या काही महिन्यांत असते, त्यामुळे यंदा पूर्ण चालणं नको. सप्टेंबरअखेरीस वही घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. दोन्ही पायांचे आकडे तोवर सारखे राहिले असतील तर एसटीनं जाऊन थोडं अंतर चप्पल घालून चालायला माझी हरकत नसेल. पाण्याची बाटली आणि तापमापी पिशवीत असू द्या, आणि मुक्कामी पोचल्यावर पंधरा मिनिटं बसून आधी पाय बघा.